स्नोई प्लोव्हर आणि जायंट कांगारू रॅट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन प्राण्यांना एकत्र पाहण्याचे कारण काय?

एक मुठीत मावेल एवढा पक्षी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत अंडी घालतो. आणि उंदरासारखा दिसणारा एक प्राणी डोंगररांगांपलीकडच्या रखरखीत मैदानात बिया वाळवत बसतो. या दोघांची गाठ कधी पडत नाही. तरीही दोघे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात राहतात आणि दोघांना १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्याच्या यादीत जायंट कांगारू रॅटचे नाव ‘संकटग्रस्त’ म्हणून जानेवारी १९८७ मध्ये आले, तर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या स्नोई प्लोव्हरचे ‘धोक्यातील’ म्हणून मार्च १९९३ मध्ये. दोघांना एकाच प्रकारची जमीन लागते, हे तुलनेचे मुख्य कारण आहे. ही जमीन उघडी, सपाट आणि विरळ गवताची असते. माणूस तिच्याकडे पाहून ‘इथे तर काहीच नाही’ असे म्हणतो आणि तिथे काहीतरी करायला घेतो. पक्ष्याच्या बाबतीत माणूस त्या जागेवर फिरायला आला आणि उंदराच्या बाबतीत त्याने ती नांगरली. पुढे जे फरक दिसतात, त्यांतले बरेचसे या एका फरकातून आलेले आहेत.

त्यांना मराठीत काय म्हणावे?

प्लोव्हर कुळातल्या लहान पक्ष्यांना मराठीत ‘चिखल्या’ म्हणतात, म्हणून येथे स्नोई प्लोव्हरसाठी तोच शब्द वापरला आहे, जरी हा पक्षी चिखलापेक्षा कोरड्या वाळूत अधिक रमतो. केंटिश चिखल्या आणि हा पक्षी एकाच जातीचे आहेत असे फार काळ मानले जात होते. २०११ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना दोन वेगळ्या जाती म्हणून मान्यता दिली. जायंट कांगारू रॅटला येथे ‘कांगारू उंदीर’ म्हटले आहे. तो कांगारूच्या नात्यातला नाही, आणि काटेकोर बोलायचे तर उंदीरही नाही. मागच्या लांब पायांवर उड्या मारत चालण्याच्या सवयीवरून त्याला हे नाव पडले. गालांच्या बाहेरच्या बाजूला केसाळ अस्तराच्या पिशव्या असलेल्या कृंतकांचे, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचे, एक स्वतंत्र अमेरिकी कुळ आहे आणि हा प्राणी त्या कुळातला आहे.

दोघे दिसतात कसे?

चिखल्या सुमारे १५ ते १७ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे वजन साधारण ३५ ते ५५ ग्रॅम भरते. पाठ फिकट वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, चोच बारीक व काळी, पाय राखाडी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना अर्धवट सोडून दिलेल्या गळपट्ट्यासारखे गडद ठिपके असतात. तो धावतो, अचानक थांबतो आणि थांबताक्षणी दिसेनासा होतो, इतका त्याचा रंग वाळूशी मिळतो. कांगारू उंदीर त्याच्या जातभाईंमध्ये सर्वांत मोठा आहे. शेपटीसह त्याची लांबी ३० सेंटिमीटरच्या थोडी पुढे जाते आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असते. डोके अंगाच्या मानाने मोठे, डोळे टपोरे, पुढचे पाय इवलेसे आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असतो. शास्त्रीय नोंदीत पक्ष्याचे नाव १८५८ मध्ये जॉन कॅसिन यांनी आणले, तर उंदराचे १९०४ मध्ये क्लिंटन हार्ट मेरियम यांनी.

‘धोक्यातील’ आणि ‘संकटग्रस्त’ यांत कायद्याने नेमका काय फरक केला आहे?

अमेरिकी कायद्यातल्या ‘एन्डेंजर्ड’ या शब्दासाठी येथे ‘संकटग्रस्त’ आणि ‘थ्रेटन्ड’ या शब्दासाठी ‘धोक्यातील’ असे म्हटले आहे. आपल्या संपूर्ण क्षेत्रात किंवा त्याच्या महत्त्वाच्या भागात जी प्रजाती आजच नष्ट होण्याच्या बेतात आहे ती संकटग्रस्त, आणि नजीकच्या भविष्यात जिच्यावर ती वेळ येण्याची शक्यता आहे ती धोक्यातील, अशी ही विभागणी आहे. म्हणजे कायदा प्रजातीची किंमत ठरवत नाही. ती कड्यापासून किती पावलांवर उभी आहे एवढेच सांगतो. संकटग्रस्त प्राण्याला मारणे, पकडणे, इजा करणे किंवा छळणे यांवरची बंदी कायद्याच्या कलम ९ ने आपोआप लागू होते, तर धोक्यातील प्राण्यासाठी ती नियम करून लागू करावी लागते. चिखल्याच्या बाबतीत तसा नियम लागू असल्यामुळे त्याचे घरटे तुडवणाऱ्याला ‘हा तर फक्त धोक्यातील आहे’ अशी पळवाट मिळत नाही. शिवाय पक्षी म्हणून त्याला १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याचेही संरक्षण आहे, जे उंदराला अर्थातच नाही.

मग संकटग्रस्त असलेल्या उंदराला पक्ष्यापेक्षा जास्त संरक्षण मिळते, असे समजायचे का?

तर्काने तसे वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. या कायद्यात एखाद्या प्रजातीसाठी ‘निर्णायक अधिवास’ नकाशावर आखून जाहीर करण्याची सोय आहे, आणि तो जाहीर झाला की केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याला तिथे काही बांधण्याआधी किंवा तशी परवानगी देण्याआधी वन्यजीव सेवा या केंद्रीय संस्थेचा सल्ला घेऊन त्या अधिवासाची नासाडी टाळावी लागते. चिखल्यासाठी असा अधिवास १९९९ मध्ये पहिल्यांदा जाहीर झाला, पुढे बदलला गेला आणि २०१२ च्या सुधारणेत तो ६० तुकड्यांमध्ये मिळून २४,५२७ एकर इतका ठरला. कांगारू उंदरासाठी असा अधिवास कधी जाहीरच झाला नाही. अधिक गंभीर पाटी ज्याच्या गळ्यात आहे, त्याच्या नावावर नकाशात एक एकरही नाही, ही विसंगती यादीतले शब्द वाचून कळत नाही.

राज्याच्या पातळीवर चित्र पुन्हा उलटे होते. कॅलिफोर्नियाने आपल्या स्वतःच्या कायद्याखाली उंदराला १९८० मध्येच, म्हणजे केंद्राच्या सात वर्षे आधी, संकटग्रस्त ठरवले. चिखल्याला मात्र राज्याने केवळ ‘विशेष चिंतेची जात’ एवढाच दर्जा दिलेला आहे. उत्तरेकडच्या वॉशिंग्टन राज्यात तोच पक्षी राज्याच्या यादीत संकटग्रस्त आहे. एका पक्ष्याला तीन सरकारे तीन वेगळी नावे देतात, तेव्हा ‘तो नक्की किती धोक्यात आहे’ या प्रश्नाआधी ‘कोणाच्या यादीनुसार’ हे विचारणे योग्य ठरते.

स्नोई प्लोव्हर देशाच्या आतल्या भागातही दिसतो. त्याला हे संरक्षण आहे का?

नाही. मोनो लेक, ओवेन्स लेक किंवा युटामधले ग्रेट सॉल्ट लेक अशा खाऱ्या सरोवरांच्या काठी वीण घालणारे चिखले याच जातीचे असले, तरी १९९३ ची नोंद फक्त पॅसिफिक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्यालगत घरटी करणाऱ्या समूहापुरती आहे. वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत हा समूह पसरलेला आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत संपूर्ण जातीऐवजी एखादा वेगळा समूह यादीत घेण्याची मुभा कायद्यात आहे आणि येथे तिचाच वापर झाला. हिवाळ्यात आतल्या भागातले काही पक्षी किनाऱ्यावर येऊन मिसळतात, त्यामुळे जानेवारीत वाळूवर बसलेल्या थव्यातला कोणता पक्षी कायद्याने कोणत्या समूहाचा, हे पायातले रंगीत कडे असल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यात वाळवंट कुठून आले?

सॅन वाकीन खोरे म्हटले की बदाम, टोमॅटो आणि कापूस यांची अफाट शेते डोळ्यांपुढे येतात, आणि शंका येथूनच निर्माण होते. पण या खोऱ्याचा पश्चिम व दक्षिण भाग किनारी डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस फार थोडा पडतो आणि तोही बहुतेक हिवाळ्यातच. हा भाग गवताळ प्रदेश म्हणून ओळखला जाई, कारण बाहेरून आलेल्या वार्षिक गवतांनी तो हिवाळ्यानंतर काही आठवडे हिरवा दिसतो. मूळच्या वनस्पती, प्राणी आणि पर्जन्यमान पाहता त्याला वाळवंटच म्हटले पाहिजे, अशी मांडणी काही जीवशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये केली आणि ‘सॅन वाकीन वाळवंट’ हे नाव तेव्हापासून रुळू लागले. कालव्याचे पाणी काढून घेतले तर ती शेते काय होतील, एवढा विचार केला तरी ही मांडणी पटते.

एकाचे घरटे आणि दुसऱ्याचे बीळ यांत काही साम्य आहे का?

बांधकामात काहीच नाही, जागेच्या निवडीत बरेच आहे. चिखल्याचा नर वाळूवर छाती टेकून व पायांनी माती मागे फेकून एक उथळ खळगा करतो, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि बारीक खडे पसरतो, आणि मादी त्यात बहुधा तीन अंडी घालते. भोवती आडोसा नसतो, कारण आडोशाआडून येणारा कोल्हाही दिसत नाही. या पक्ष्याचा सारा भर दुरूनच शत्रू दिसण्यावर आणि स्वतः न दिसण्यावर असतो.

उंदराची व्यवस्था याहून कितीतरी खटपटीची आहे. त्याच्या घराला काही वाटा तिरक्या असतात, ज्यांच्या तोंडाशी येण्याजाण्याने पायवाट पडलेली असते, आणि काही सरळ खाली उतरणाऱ्या विहिरीसारख्या असतात, ज्यांतून तो क्षणात आत नाहीसा होतो. बिळांच्या वरची काही मीटर व्यासाची जागा तो गवत कापून मोकळी ठेवतो. हे वर्तुळ त्या एकट्या प्राण्याचे असते, आणि शेजारी आला तर तो मागच्या पायांनी जमिनीवर ठोके देऊन आपली हद्द कळवतो. साप जवळ आला तरी हे ठोके पडतात. घनदाट वसाहतीत अशी शेकडो वर्तुळे एकमेकांना लागून असतात आणि विमानातून पाहिल्यास सारे मैदान ठिपक्याठिपक्यांचे दिसते.

हा उंदीर पाणी पीतच नाही, हे खरे आहे का?

कांगारू उंदरांच्या कुळातल्या जाती पिण्याच्या पाण्यावाचून जगू शकतात, हे खरे आहे. १९४० च्या दशकात क्नूट आणि बोडिल श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञ दांपत्याने ॲरिझोनातल्या एका लहान जातीवर प्रयोग करून त्यामागचा हिशेब मांडला. कोरड्या बीचे पचन होताना शरीरात जे पाणी तयार होते ते हा प्राणी जपून वापरतो. त्याची मूत्रपिंडे अतिशय घट्ट मूत्र तयार करतात, नाकातल्या थंड पृष्ठभागावर उच्छ्वासातली वाफ पुन्हा जमते आणि दिवसभर तो जमिनीखाली थंडाव्यात राहतो. चिखल्याची अडचण वेगळी आहे. त्याच्यापुढे पाण्याचा महासागर आहे, पण तो खारा आहे. त्याची बरीचशी गरज खाल्लेल्या किड्यांमधल्या ओलाव्यातून भागते.

त्यांचे खाणे काय असते?

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या समुद्रशेवाळाच्या कुजक्या राशींवर माशा जमतात आणि त्यांच्याखाली पिसवांसारख्या उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव राहतात. चिखल्याचे ताट हेच. पर्यटकांना घाण वाटते म्हणून यंत्राने या राशी गोळा करून किनारा ‘स्वच्छ’ केला की पक्ष्याचे अन्नही त्याच गाडीत जाते, आणि वाळूतली अंडी असतील तर तीही.

उंदराचे मुख्य अन्न बी. वसंत ऋतूत गवताची कणसे पिकू लागली की तो ती दातांनी कापतो, गालांच्या पिशव्यांत कोंबतो आणि आपल्या वर्तुळात आणतो. जमिनीच्या वरच्या थरात तो बोटाच्या पेराएवढे शेकडो खळगे करतो, प्रत्येकात थोडे बी भरतो, वरून धूळ लोटतो आणि उन्हाने ते वाळू देतो. कधी तो कापलेल्या कणसांची छोटी गंजी जमिनीवरच रचतो. ओलसर बी बिळात नेले तर त्याला बुरशी येईल, म्हणून ही सारी वाळवणाची खटाटोप. बी कडक झाले की मग ते खालच्या कोठारात जाते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवले जाते. ज्यांनी घरी धान्य उन्हात घालून मग कणगीत भरलेले पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पिल्लांचा सांभाळ कोण करतो?

चिखल्याच्या संसाराची पद्धत पक्ष्यांमध्ये विरळ आहे. अंडी दोघे मिळून उबवतात, दिवसा मुख्यतः मादी आणि रात्री नर, आणि साधारण चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. काही तासांतच ती आपल्या पायांनी चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. पिल्ले आठवडाभराची होण्याच्या आतच मादी बहुधा निघून जाते, दुसऱ्या नराशी जोडी जमवते आणि नवी वीण घालते. उरलेले तीन-चार आठवडे, पिल्ले उडू लागेपर्यंत, नर एकटा त्यांना पंखाखाली घेतो, धोका दिसला की आवाजाने दबायला सांगतो आणि पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला दूर नेतो. दबलेले पिल्लू पाहणे हा एक धडाच आहे. ते वाळूत उमटलेल्या माणसाच्या पावलाच्या खळग्यात जाऊन बसते, कारण तिथे वारा लागत नाही; त्याच खळग्यावर दुसऱ्याचा पाय पडला किंवा चाकोरीत बसलेल्या पिल्लावरून पुढची गाडी गेली, तर चालवणाऱ्याला कळतही नाही.

कांगारू उंदराची पिल्ले बिळात, आईजवळ वाढतात आणि नराचा त्यात काही वाटा नसतो. महिनाभराच्या गर्भधारणेनंतर एका वेळी साधारण तीन-चार पिल्ले होतात. पाऊसपाणी चांगले असेल तर त्याच वर्षी जन्मलेल्या माद्यांनाही पिल्ले होतात, म्हणूनच या प्राण्याची संख्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने चढू शकते आणि तितक्याच झपाट्याने उतरूही शकते.

प्रत्येकाची संख्या घटली कशामुळे?

उंदराची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला कठीण आहे. सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम अंगाला पाणी नव्हते, म्हणून तो भाग बराच काळ चराऊ कुरणापलीकडे गेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया कालवा आणि सॅन लुइस प्रकल्पाचे पाणी तिथे पोहोचले, आणि पुढच्या थोड्या वर्षांत सपाट जमिनीचा मोठा पट्टा नांगराखाली गेला. कांगारू उंदीर नांगरलेल्या, ओलिताच्या जमिनीत राहू शकत नाही. बीळ मोडते, कोठार भिजते आणि मोकळे वर्तुळ राहत नाही. त्याच काळात खारी व इतर कृंतक मारण्यासाठी विषारी धान्य मोठ्या प्रमाणावर टाकले जात होते, आणि धान्य गालात भरून नेणाऱ्या प्राण्याला ते किती लागू पडत असेल हे उघड आहे. तेलक्षेत्रांनीही आपला वाटा उचलला. त्याच्या मूळ क्षेत्राचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग गेला, असे साधारणपणे मानले जाते. जे उरले ते करिझो प्लेनचे मैदान, पश्चिम कर्न परगणा आणि उत्तरेकडे पनोचे खोऱ्याच्या आसपास, एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांत.

पक्ष्याचा किनारा कोणी नांगरला नाही. किनारा जागेवरच आहे, पण त्याचे काही भाग घरांनी, धक्क्यांनी आणि भिंतींनी अडले, काही भागांवर गवताने कब्जा केला, आणि उरलेल्यावर मार्च ते सप्टेंबर या त्याच्या विणीच्या ऐन हंगामात माणसांची गर्दी असते. कुत्रा मोकळा धावत आला की पक्षी अंडी सोडून उठतो, आणि उन्हात किंवा वाऱ्यावर उघडी पडलेली अंडी फार वेळ टिकत नाहीत. पतंगही त्याला ससाण्यासारखा वाटतो. सँडविचच्या तुकड्यांमागे आलेले कावळे आणि डोमकावळे मग वाळूतली अंडीही शोधून काढतात. बाहेरून आणला गेलेला लाल कोल्हाही किनाऱ्यावर पसरलेला आहे.

दोघांचा एखादा समान शत्रू आहे का?

आहे, आणि तो गवत आहे. वाळूच्या टेकड्या सरकू नयेत म्हणून युरोपातले मॅरम गवत १८६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत लावले गेले आणि नंतर किनाऱ्यावर दूरवर पसरले. ते वाळू धरून ठेवते हा त्याचा गुण, आणि तोच चिखल्याच्या मुळावर येतो, कारण वारा व लाटा जी उघडी वाळू वारंवार नव्याने पसरत होत्या ती गवताच्या उंच कडेमागे बंदिस्त झाली. आतल्या भागात भूमध्य समुद्राकडून आलेल्या वार्षिक गवतांनी तेच केले. ओल्या वर्षी ती इतकी दाट माजतात की उड्या मारत पळणाऱ्या प्राण्याला धावायला जागा उरत नाही.

येथे एक गुंतागुंत सांगितली पाहिजे. कांगारू उंदीर जमीन उकरतो, त्यामुळे त्याच्या वर्तुळातली माती भुसभुशीत व सुपीक होते आणि परकी गवते तिथेच जास्त जोमाने येतात, असे १९९० च्या दशकातल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे हा देशी प्राणी परक्या गवताला काही अंशी हातभार लावतो आणि मग तेच बी खाऊन जगतो. गवत आटोक्यात ठेवण्यासाठी करिझो प्लेनवर गुरे चारावीत की नाही, यावरचा वाद त्यामुळेच सोपा नाही. ओल्या वर्षी गुरांनी मदत होते आणि कोरड्या वर्षी तीच गुरे उंदराच्या तोंडचा घास खातात.

एखादा नष्ट झाला तर इतर कोणाचे काय बिघडेल?

उंदराच्या बाबतीत पुष्कळ. स्वतः संकटग्रस्त असलेला सॅन वाकीन किट कोल्हा करिझो प्लेनवर मुख्यतः याच्यावरच पोट भरतो. बोथट नाकाचा लेपर्ड सरडा आणि तिथली अँटिलोप खार त्याच्या बिळांचा आसरा घेतात. घुबडे आणि साप त्याच्यावर जगतात. परिसंस्थेचा आधारस्तंभ असे ज्याला म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण आहे. चिखल्याबद्दल तसे म्हणता येणार नाही आणि ओढूनताणून म्हणण्याची गरजही नाही. त्याच्यासाठी राखलेल्या वाळूवर लीस्ट टर्न या सुरय पक्ष्याची घरटी होतात आणि मूळच्या वाळूवनस्पती परततात, हा आनुषंगिक फायदा आहे.

संरक्षण प्रत्यक्षात कसे केले जाते?

पक्ष्यासाठी माणसांना वळवावे लागते. विणीच्या जागेभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधतात आणि पाट्या लावतात. ही दोरी कोणालाही ओलांडता येईल अशीच असते. तिचे काम अडवण्याचे नसून सांगण्याचे असते. सांता बार्बराजवळच्या कोल ऑइल पॉइंट येथे कित्येक दशके बंद पडलेली वीण २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली, ती दोरी, कुत्र्यांना साखळी आणि दररोज किनाऱ्यावर उभे राहून लोकांशी बोलणारे स्वयंसेवक एवढ्याच भांडवलावर. सगळीकडे मात्र इतके सौम्य उपाय पुरत नाहीत. ओरेगनमध्ये बुलडोझर लावून मॅरम गवत उपटले, वाळूवर शिंपल्यांचा चुरा पसरला आणि डोमकावळ्यांचा बंदोबस्त केला. घरट्यांवर तारेचे पिंजरेही बसवून पाहिले गेले. त्यांनी अंडी वाचली, पण पिंजऱ्याजवळ शिकारी पक्षी टपून बसू लागले आणि मोठे चिखले मारले गेले. म्हणून ते आता जपून वापरतात. ओशनो ड्यून्स येथे वाळूवर गाड्या चालवण्याची परंपरा असल्याने विणीच्या काळात एक भाग कुंपण घालून बंद करतात. त्या गाड्या तीन वर्षांत पूर्ण थांबवण्याचा ठराव राज्याच्या किनारा आयोगाने २०२१ मध्ये केला आणि तो वाद न्यायालयात गेला.

उंदरासाठी दोरीचा काही उपयोग नाही. त्याला जमीनच लागते, आणि ती सलग लागते. २००१ च्या जानेवारीत अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी करिझो प्लेनला राष्ट्रीय स्मारक घोषित केले, तेव्हा सुमारे अडीच लाख एकरांचा पट्टा नांगरापासून कायमचा सुटला. या प्राण्याच्या बाबतीत याहून मोठे पाऊल कोणतेही नाही. १९९८ ची पुनरुज्जीवन योजनाही एकट्या उंदरासाठी नाही. तिच्यात सॅन वाकीन खोऱ्यातल्या ३४ जातींचा एकत्र विचार आहे, आणि सामायिक जमीन हाच सामायिक प्रश्न असताना तो शहाणपणा म्हटला पाहिजे.

सौरऊर्जेचा या विषयाशी संबंध कसा आला?

उंदराला आवडणारी सपाट, उघडी, भरपूर उन्हाची जमीन सौरपट्ट्यांनाही आवडते. करिझो प्लेनच्या उत्तर भागात, स्मारकाच्या हद्दीबाहेर, ५५० मेगावॅटचा टोपाझ आणि २५० मेगावॅटचा कॅलिफोर्निया व्हॅली हे प्रकल्प गेल्या दशकात उभे राहिले, आणि त्या बदल्यात कंपन्यांना हजारो एकर जमीन संवर्धनासाठी राखून द्यावी लागली. पनोचे खोऱ्यातल्या प्रकल्पाला पर्यावरण संस्थांनी न्यायालयात आव्हान दिले आणि शेवटी तडजोडीत तो बराच आकसला. स्वच्छ ऊर्जा विरुद्ध उंदीर असे या वादाचे चित्र रंगवले जाते, ते मला अपुरे वाटते. ज्या शेतांची माती खारावून पडीक झाली आहे, तिथे पट्टे बसवण्याचा पर्याय त्याच खोऱ्यात उपलब्ध आहे.

हवामानबदलाचा फटका कोणाला अधिक बसेल?

दोघांना बसेल, पण वेगवेगळ्या बाजूंनी. समुद्राची पातळी वाढली की वाळूचा पट्टा मागे सरकू पाहतो, आणि मागे घरे किंवा कडा असेल तर तो फक्त अरुंद होतो. उंदराची परीक्षा दुष्काळ घेतो. २०१२ ते २०१५ च्या तीव्र दुष्काळात करिझो प्लेनवर त्याची संख्या सुमारे अकरा पटींनी घटली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पाऊस परतल्यावर तो पुन्हा सावरू लागला. म्हणूनच एखाद्या चांगल्या वर्षातला आकडा पाहून त्याला यादीतून काढण्याची घाई करू नये.

यादीतून बाहेर पडण्याच्या जवळ कोण आहे?

पक्ष्याची कसोटी आकड्यांत आहे. त्याच्यासाठी केलेल्या २००७ च्या पुनरुज्जीवन योजनेप्रमाणे सहा विभागांत मिळून ३,००० प्रजननक्षम पक्षी सलग १० वर्षे टिकले पाहिजेत आणि दर नरामागे वर्षाला सरासरी एक तरी पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत पोहोचले पाहिजे. अलीकडच्या गणनांमध्ये आकडा दोन हजारांच्या आसपास घुटमळतो. ओरेगनची प्रगती डोळ्यांत भरते, कारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जेमतेम काही डझन पक्षी उरले होते आणि आता ते शेकड्यांत मोजले जातात. पण दोरी सोडली, स्वयंसेवक घरी गेले, की हे यश किती दिवस टिकेल हा प्रश्न राहतोच.

उंदराची डोकी मोजून काही कळत नाही, कारण ती वर्षागणिक कोसळतात आणि उसळतात. त्याच्यासाठी किती वसाहती, किती जमिनीवर, कायमच्या सुरक्षित आहेत हे पाहावे लागते, आणि ती पाहणी विमानातून व उपग्रहावरून वर्तुळे मोजून करता येते. जमीन एकदा सुटली की त्याला रोजच्या राखणीची गरज फार कमी पडते. त्यामुळे पाटी अधिक गंभीर असली, तरी दीर्घ मुदतीत त्याची बाजू पक्ष्यापेक्षा भक्कम होऊ शकते, असे माझे मत आहे. पश्चिम कर्न आणि पनोचे येथले तुकडे मात्र त्यासाठी टिकायला हवेत.

दोघांना एकाच प्रवासात पाहता येईल का?

सॅन लुइस ओबिस्पो परगण्यात ते शक्य आहे, कारण ओशनो ड्यून्सचा किनारा आणि करिझो प्लेनचा मोठा भाग एकाच परगण्यात येतो आणि मधले अंतर गाडीने दोनेक तासांचे आहे. किनाऱ्यावर सकाळी जावे, ओल्या वाळूवरून चालावे, कुत्रा आणू नये आणि दोरीबाहेरूनच दुर्बीण लावावी. वाळूचाच एखादा ढेकूळ धावू लागला की तो चिखल्या. संध्याकाळपर्यंत करिझो प्लेनवर पोहोचले, तर दिवसाउजेडी रस्त्याकडेला उंदराची मोकळी वर्तुळे आणि विहिरीसारखी बिळे दिसतात, पण त्यांवर पाय देऊ नये, कारण वरचा थर पोकळ असतो आणि धसतो. अंधार पडल्यावर गाडी बंद करून काचा खाली कराव्यात. उंदीर दिसेलच असे नाही; पण शांतपणे बसले, तर जमिनीवर पडणारे त्याच्या पायांचे ठोके ऐकू येण्याची शक्यता बरीच असते.